सेम टू सेम

लोक माझ्या आईला विचारायचे, दोन्ही मुलींना एकाच ताग्याचे फ्रॉक का शिवता, जुळ्या आहेत का? जुळ्या कसल्या, ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पण ताईला निळा आणि मला पिवळा घेतला, की मी लालबागच्या भर बाजारात रस्त्यावर फतकल मारायचे. सेम टू सेम पाहिजे म्हणजे पाहिजे. तिचे कान टोचले त्याच दिवशी माझेही टोचावे लागले. तिला गोवर आला आणि मोसंबीचा रस मिळायला लागला, तर मी चोरून तिच्या उशीवर जाऊन झोपले. मलाही गोवर आला. मोसंबीही मिळाली.

सांगायचं काय, तर मी जळकी आहे. आमच्या चाळीत हे कुणाला नव्याने सांगायला नको. नाव सीमा, पण मला सीमा नाही असं आमचा मयूर म्हणतो. मयूर म्हणजे माझा नवरा. तोही मला ताईमुळेच मिळाला. ताईचं, म्हणजे प्रितीचं, रघुभावोजींशी लग्न ठरलं आणि साखरपुड्यात त्यांचा धाकटा भाऊ सरबताचे ग्लास वाटताना दिसला. मी त्याच दिवशी आईच्या कानात सांगून टाकलं. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या म्हणून सगळ्यांना कोण कौतुक. घर फुटणार नाही, म्हणाले. घर फुटलं नाही हे खरं, पण घरातही ताईच मोठी राहिली. हळदीकुंकवाचं पहिलं वाण तिला, गावच्या देवीच्या ओटीचा मान तिला, आणि मी मागे ताट धरून उभी.

मग मनवा झाली. ताईची मुलगी. तिच्या उजव्या हाताला दोन अंगठे. एकाच्या कुशीत दुसरा, छोटासा, त्यालाही नख. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हा लहानपणीच काढून टाका आणि पोरीला एकदा मोठ्या ठिकाणी नीट दाखवून घ्या. आमचे सासरे बाबुराव, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, उभा जन्म गिरणीत काढलेला माणूस, ते पाळण्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "लक्ष्मी कोण कापता काय?" विषय संपला. सहावं बोट भाग्याचं, ह्यावर आमच्याकडे वाद नसतो.

आणि नशीब बघा. पोरीचं बारसं व्हायच्या आत गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आप्पांचं नाव निघालं. अर्ज भरून किती वर्षं झाली ते आप्पाही विसरले होते. टॉवरमध्ये घर, वरच्या मजल्यावर, लिफ्ट, घरात संडास, खिडकीतून पार कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत दिसायचं. आप्पांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की घर मनवाच्या अंगठ्याने आलं, तेव्हा मनवा तिथे राहील. म्हणजे ताई, भावोजी आणि आप्पा टॉवरमध्ये, आणि मयूर आणि मी चाळीतल्या त्याच खोलीत, त्याच सामायिक संडासाच्या रांगेत. मयूरला काही वाटलं नाही. त्याला कशाचंच काही वाटत नाही. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर मनवाचा अंगठा म्हणजे लालबागचा अर्धा देवच झाला. मंडळाच्या देणगीपेटीचं कुलूप तिच्या हातून उघडायचं. कुणी नवा टेम्पो घेतला तर स्टिअरिंगला आधी तिचा हात लागायचा. दहावीच्या मुली हॉल तिकीट घेऊन ताईच्या दाराशी उभ्या राहायच्या. ताई हसत हसत पोरीला पुढे करायची, आणि मी तिकडे असले की चहा ठेवायला स्वयंपाकघरात जायचे. तिथे निदान तोंड वाकडं करता यायचं.

दोन वर्षांनी मला लवू झाला. त्याला माझ्या हातात दिला, तेव्हा मी आधी त्याच्या मुठी उघडून बघितल्या. पाच आणि पाच. नर्स म्हणाली, छान, सगळी बोटं बरोबर आहेत. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण घरी आणल्यावर अंघोळ घालताना सापडलं. कमरेवर, डाव्या बाजूला, चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. मनवाच्या पाठीवर असे तीन-चार होते आणि तेही शुभ धरले जात. मी ओलं पोर तसंच टॉवेलात गुंडाळून आप्पांसमोर धरलं, म्हटलं बघा, मनवासारखाच आहे. आप्पांनी चष्मा वर करून बघितलं. "ह्यो नुसतो डाग," म्हणाले. "तिचा बोट वेगळा." त्या दिवशी मी जेवले नाही.

एकच गोष्ट माझ्या बाजूची होती. मनवा वाढेना. वर्गात सगळ्यात बुटकी, काडीसारखे हात. माझा लवू तिच्याहून लहान असून तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. दर पाडव्याला मी दोघांना दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीची रेघ मारायचे आणि ताईला मुद्दाम हाक मारून दाखवायचे. ती म्हणायची, खातो गं तुझा, बरं आहे. दृष्ट लागू नये म्हणून मी मग लवूच्या कानामागे तीट लावायचे. दृष्ट कुणाची, तर ताईची. मला तसंच वाटायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर मनवाच्या नडग्यांवर निळे डाग उठायला लागले. काही न लागता. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं, एकदा वर्गात नाकातून आलं ते थांबेचना. प्लेटलेट्स कमी निघाल्या. आपल्याकडे प्लेटलेट्स कमी म्हटलं की डेंग्यू, त्यामुळे चाळीतल्या बायकांनी पपईच्या पानांचा रस काढकाढून दिला. पोरीने तो कडू रस तोंड वाकडं न करता प्यायला. प्लेटलेट्स काही वाढल्या नाहीत. डेंग्यू नव्हताच. शेवटी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मीही गेले, ताईला सोबत म्हणून, आणि आप्पाही आले.

मॅडमनी आधीचे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि मनवाचा उजवा हात हातात घेतला. अंगठा उलटसुलट करून बघितला. पाठीवरचे डाग बघितले, उंची मोजली, आणि विचारलं की हिला आजपर्यंत कुणीच तपासायला सांगितलं नाही का? ताई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आप्पांकडे.

तपासण्या झाल्या. नाव निघालं फॅन्कोनी अॅनिमिया. मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. हाडांच्या आत जी मज्जा असते ती रक्त तयार करते. मनवाची मज्जा हळूहळू बंद पडते आहे. हे जन्माबरोबर आलेलं, आईकडून एक खोट आणि वडिलांकडून एक. एकेकटी असली तर माणूस धडधाकट जगतो, त्याला कळतही नाही. दोन्ही एकत्र आल्या की पोराला आजार होतो. आणि तो जास्तीचा अंगठा, ते डाग, ती उंची, ह्या सगळ्या त्याच आजाराच्या खुणा. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गिरण बंद पडली म्हणा," एवढंच बोलले. त्या दिवसापासून रस्ता ओलांडताना ते मनवाचा डावा हात धरायला लागले.

आता तरी माझं पोट दुखायचं थांबावं की नाही? नाही थांबलं. माझी भाची आहे ती, मी तिला मांडीवर झोपवलंय, तिला रक्त चढताना बघून माझा जीव गोळा व्हायचा. पण बाहेर आले की दिसायचं, सगळं जग ताईभोवती. घरोघरचे डबे ताईला. सिद्धिविनायकाला चालत जायचे नवस ताईच्या पोरीसाठी. मयूर कामावरून सुटला की थेट हॉस्पिटल, घरी लवू बाप कधी येतो म्हणून वाट बघतोय. मंडळाने मनवासाठी रक्तदान शिबिर घेतलं. मी रांगेत पहिली उभी राहिले, तर माझंच रक्त कमी म्हणून मला परत पाठवलं. सगळे म्हणायचे, प्रिती किती धीराची. दुखण्यातही पहिला नंबर ताईचाच, असं माझ्या मनात यायचं आणि यायचंच.

उपाय एकच होता, दुसऱ्या कुणाची तरी चांगली मज्जा मनवाला द्यायची. सख्खं भावंड जुळलं तर सगळ्यात उत्तम, पण मनवाला भावंड नाही. आईवडील अर्धेच जुळतात. बाहेरच्या दात्यांमध्ये शोधलं, कुणी जुळेना. मॅडम म्हणाल्या, चुलत-मावस भावंडं सहसा जुळत नाहीत. तेव्हा ताई सहज बोलून गेली की आमचा लवू चुलतही आहे आणि मावसही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. दोन बहिणी, दोन भाऊ? मग त्या पोराचं रक्त दोन्हीकडून त्याच घरांतलं आहे, बघायला हरकत नाही, म्हणाल्या.

ताई त्या वेळी माझ्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं. तिने मागितलं नाही, नुसती बघत राहिली. मी म्हटलं, घ्या ना, त्यात काय विचारायचं.

लवूला घेऊन गेले तेव्हा मॅडमनी मयूरला आणि मला समोर बसवून नीट सांगितलं की दोन गोष्टी बघायच्या आहेत. एक, तो मनवाशी जुळतो का. दुसरी, घरं तीच असल्यामुळे त्याला स्वतःला हा आजार नाही ना. दुसऱ्या तपासणीला वेळ लागतो, रक्त लॅबमध्ये वाढवून त्यावर औषध घालून बघावं लागतं. मी हसले. म्हटलं, मॅडम, ह्याला साधी सर्दी होत नाही, नाक्यावरच्या वडापाववाल्याला विचारा. आणि हौसेने त्याचा शर्ट वर करून तो कमरेवरचा डाग दाखवला. मनवासारखाच आहे, सेम टू सेम. मॅडम डागाकडे बघत राहिल्या. मग लवूचे दोन्ही अंगठे बघितले. मला वाटलं, चला, कुणीतरी माझ्या पोराचे हात एवढे निरखून बघितले.

पंधरवडाभरात मॅडमचा फोन आला. लवू पूर्ण जुळत होता. असं फार क्वचित होतं, म्हणाल्या. मी विचारलं, सेम टू सेम? हो, तसंच म्हणा, पण दुसरा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. थांबा हे माझ्या कानावर पडलं. डोक्यात शिरलं नाही.

मी पेढे आणले. आधी चाळीत वाटले, एक दार सोडलं नाही. मग लवूला इस्त्रीचा शर्ट घातला आणि टॉवरवर गेलो. त्या लिफ्टमधून मी पहिल्यांदाच जीव न जाळता वर गेले. ताईने दार उघडलं. मी सांगितलं. ती दारातच खाली बसली आणि लवूच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडली. लवू घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मग त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. मनवाने मास्क खाली करून त्याला विचारलं की दुखलं तर चालेल ना तुला? तो म्हणाला, मला काय दुखत नाय. आप्पांनी देव्हाऱ्यातलं निरांजन लवूच्या हातून लावून घेतलं. लवूच्या! सात वर्षांत पहिल्यांदा.

ताई म्हणाली, तू बस, चहा मी करते. मी खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसले आणि तिला करू दिला. मनवा वाचणार ह्याचा आनंद किती आणि ताई माझ्यासाठी कप विसळतेय ह्याचा किती, ते मला वेगळं काढता आलं नसतं. दोन्ही होते. चहा तिने माझ्यासारखा केला, आलं जास्त घालून.

पुढचे दिवस माझे होते. चाळीत पाणी भरताना बायका मला आधी नळ द्यायच्या. ताई रोज लवूसाठी काहीतरी पाठवायची, खजुराचे लाडू, नाचणीची खीर. मी फोनवर तिला सूचना द्यायचे, साखर कमी घाल, त्याला गोड फार आवडत नाही. ती हो म्हणायची. एकदा तर मी लवूचा हात लावून शेजारच्यांच्या नव्या मिक्सरचं उद्घाटनही केलं.

दुसऱ्या रिपोर्टला मॅडमनी आम्हा चौघांना बोलावलं. मुलांनाही आणा म्हणाल्या, पुन्हा रक्त घ्यायचं आहे. मी ठेवणीतला ड्रेस घातला. आत गेलो, बसलो. आजवर त्या खोलीत मॅडम कायम ताईकडे बघून बोलायच्या. आज त्या माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं.

"सीमाताई," मॅडम म्हणाल्या, "लवूलाही तोच आजार आहे."

त्या पुढे बोलत होत्या. त्याचं रक्त अजून चांगलं आहे, लवकर कळलं हे बरं झालं, काही मुलांमध्ये बाहेरून फारसं दिसतच नाही, आता दर काही महिन्यांनी तपासत राहायचं, पुढे त्यालाही दाता लागेल. मनवाला मात्र त्याची मज्जा देता येणार नाही. तिच्यासाठी आता वडिलांची अर्धी जुळणारी घ्यायची. धोका जास्त, पण तसं करता येतं आणि थांबणं बरं नाही. रघुभावोजी मान हलवत होते. मयूरने माझा हात धरला होता आणि तो इतका थंड होता की मला तो माझाच वाटला.

मी म्हटलं, "पण मॅडम, त्याला तर पाचच बोटं आहेत."

मॅडम उठून आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर दोघं पोरं बसली होती, आप्पा राखणीला. अंगठ्यांची कुस्ती चालली होती. एकमेकांच्या बोटांत बोटं अडकवायची आणि समोरच्याचा अंगठा दाबून धरायचा. त्या खेळात मनवा कधीच हरत नाही. आप्पांनी आमचे चेहरे बघितले आणि ते भिंतीकडे वळले. मयूर त्यांच्यापाशी गेला.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. ताई आली आणि शेजारी बसली. तिचा दाता गेला होता. पोरीचा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. आणि मी, मी काय करत होते? मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. तिच्या जागी मी असते तर आत कुठेतरी, अगदी तळाला, मला थोडंसं बरं वाटलं असतं, की चला, आता हिलाही कळेल. ते मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. सापडलं असतं तर मला तिच्यावर रागावता आलं असतं, आणि रागावायला मला फार सोपं जातं. पण ते नव्हतं. तिने माझ्या ओढणीचं टोक घेतलं आणि माझं नाक पुसलं, फतकल मारून रडणाऱ्या पोरीचं पुसावं तसं.

"गोवराच्या वेळी मी जागी होते," ती म्हणाली. "तुला ढकलत होते उशीवरून. तू परत परत येत होतीस."

समोर लवू हरला होता आणि बाकावर पाय आपटत ओरडत होता की ही चीटिंग आहे, मनूताईला दोन आहेत, मला पण दोन पाहिजेत.

ताईने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"सीमे," ती म्हणाली, "हे एक तरी माझं एकटीचं राहू द्यायचं होतंस गं."